गावात घर घेताय? कागद कोणत्या दप्तरातला आहे, ते आधी पाहा

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या कोर्टाबाहेर तासभर बसा. “घरटॅक्स आमच्या नावानं हाय, मीटर आमच्या नावानं हाय, मंग घर कोनाचं?” हा सवाल तुमच्या कानावर पडणारच. घर त्यांचं असेलही. पण घरटॅक्सची पावती किंवा वीजबिल आहे म्हणून ते त्यांचं होत नाही.

गावातल्या घराचे कागद तीन वेगवेगळ्या दप्तरांत असतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. कर कोणाकडून वसूल करायचा, एवढंच ती सांगते. महसूल खात्याचा सातबारा किंवा भूमी अभिलेखची मिळकत पत्रिका जमीन कोणत्या प्रकारची आहे आणि सरकारदरबारी नोंद कोणाची आहे, ते दाखवते. जागा एकाकडून दुसऱ्याकडे कायद्याने कशी गेली, हे कळतं ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तावरून, म्हणजे आपण ज्याला रजिस्ट्री म्हणतो त्यावरून. गावातली बहुतेक भांडणं या तिन्हींपैकी एक कागद दुसऱ्याच्या जागी चालवल्यामुळे होतात. नमुना ८ आणि पटवाऱ्याचा आठ-अ यांचीही गल्लत होते. आठ-अ हा शेतजमिनीचा खातेउतारा आहे, त्याचा घराशी संबंध नाही.

पुढे जे लिहिलं आहे ते कामाच्या क्रमाने लिहिलं आहे. घर आधीपासून तुमचंच असेल तर मधला भाग सोडून शेवटाकडे गेलात तरी चालेल. पण मालकी कोणाची, हा भाग सोडू नका.

आधी जमिनीची जात ओळखा

घर पाहायला गेलं की आपण भिंती आणि छप्पर बघतो, पाणी आहे का ते विचारतो. कायदा मात्र घराखालच्या जमिनीकडे बघतो. म्हणून पहिला प्रश्न हा, की घर आबादीत आहे, वावरात आहे, लेआऊटमध्ये आहे की सरकारी जागेवर?

आबादी म्हणजे गावठाण. जुन्या गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो, त्यामुळे तो मागून उपयोग नाही. मोठ्या गावांत भूमापन आधीच झालेलं असेल तर मिळकत पत्रिका मिळते. बाकी गावांत २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी होऊन पत्रिका आणि सनद दिली जाते आहे. त्यामुळे पहिली चौकशी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात करा. गावाची मोजणी झाली का आणि या घराची पत्रिका कोणाच्या नावाने निघाली, ते विचारा. पत्रिका निघालीच नसेल तर नमुना ८ चे जुने उतारे, मिळतील तितक्या मागच्या वर्षांपर्यंतचे काढून घ्या. उताऱ्यावर नाव बदललेलं दिसलं की बदल कोणत्या ठरावाने आणि कोणत्या दस्ताच्या आधारे झाला, ते ग्रामपंचायतीकडून लेखी मागा. “सरपंचानं लावून देल्लं” हे उत्तर आलं तर तिथेच थांबा.

पूर्व विदर्भात आणखी एक कागद पुढे येतो, मालगुजाराने, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदाराने, दिलेली चिठ्ठी. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून संपली. त्या तारखेच्या आधीची चिठ्ठी आणि तेव्हापासून सलग वहिवाट असेल तर तिला पुरावा म्हणून वजन आहे. तारीख नंतरची असेल तर ती देण्याचा मालगुजाराला अधिकार होता का, हे वकिलाकडून तपासून घ्यायलाच हवं.

वावरातल्या घराची गोष्ट वेगळी. गावाला लागून कोणी शेतात दोन खोल्या बांधल्या आणि आता विकायला काढल्या, तर तुम्ही कायद्याने शेतजमीनच विकत घेत असता. इथे तीन अडथळे आहेत. पहिला, घेणारा शेतकरी हवा. आपल्याकडे १९५८ चा विदर्भ विभागासाठीचा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे आणि त्याचं कलम ८९ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला मनाई करतं. पश्चिम महाराष्ट्रातला कोणी ‘कलम ६३’ सांगत असेल तर तो त्यांच्याकडच्या कायद्याचं बोलतो आहे. दुसरा अडथळा तुकडेबंदीचा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत जिरायत जमिनीचा २० गुंठ्यांपेक्षा आणि बागायत जमिनीचा १० गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. घरापुरत्या जुन्या तुकड्यांसाठी, म्हणजे १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातल्या तुकड्यांसाठी, सरकारने २०२५ मध्ये अध्यादेश काढून मोकळीक दिली. पण ती सरसकट नाही. जागा कोणत्या झोनमध्ये येते त्यावर ती अवलंबून आहे. दलाल “आता तुकडेबंदी उठली” म्हणाला तर तुमच्या गट नंबरला ती लागू होते का, हे तहसीलमधून लेखी आणायला सांगा. तिसरा अडथळा अकृषिक वापराचा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे निवासी वापरासाठी रूपांतरित झाल्याचं मानलं जातं. हे ‘मानणं’ कागदावर आपोआप उतरत नाही. रूपांतरण कर आणि आकारणी भरल्याची पावती पाहा.

मापांचीही एक गंमत आहे. सातबारा हेक्टर-आरमध्ये, विकणारा डिसमिलमध्ये आणि दलाल चौरस फुटांत बोलतो. १ आर म्हणजे १०७६ चौरस फूट, १ गुंठा म्हणजे १०८९ आणि १ डिसमिल म्हणजे ४३५.६ चौरस फूट. कुठलाही आकडा ऐकला की तो चौरस फुटांत करून वहीत लिहा. निम्मे घोळ तिथेच उघडे पडतात.

सातबाऱ्यावरचा भोगवटादाराचा वर्ग बघायला विसरू नका. वर्ग-१ असेल तर बरं. वर्ग-२ म्हणजे सरकारने शर्तीवर दिलेली जमीन, ती विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘भूदान’ असा शेरा असेल तर त्या जमिनीच्या हस्तांतरणावर वेगळे निर्बंध आहेत. मालक आदिवासी आणि घेणारा बिगरआदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली आगाऊ मंजुरी घेतल्याशिवाय व्यवहार होत नाही. गडचिरोली, मेळघाट, पांढरकवडा या भागांत या कलमाला वळसा घालायला नोकराच्या नावाने घेणं, नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा असल्या युक्त्या चालतात. त्या कोर्टात टिकत नाहीत आणि पैसे परत मिळायची वाटही राहत नाही.

लेआऊटचा प्लॉट घेत असाल, विशेषतः नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूरच्या आसपासच्या गावांत, तर रंगीत नकाशाला भुलू नका. मंजूर अभिन्यासाचा शिक्का असलेला नकाशा, अकृषिक आदेश आणि महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, क्रमांक या तिन्ही गोष्टी मागा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि प्लॉट आठाहून अधिक असतील तर महारेराची नोंदणी लागते. हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू आहे. “नोंदणी चालू आहे, तोवर बुकिंग करून घ्या” हे वाक्यच कायद्याच्या विरुद्ध आहे, कारण नोंदणीआधी जाहिरात आणि बुकिंग दोन्ही करता येत नाहीत.

सरकारी जागेवरचं घर

ई-क्लास (सरकारी चराई जमीन), गायरान, आखर, निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या नोंदीत, राखलेली जमीन, तळ्याची पाळ अशा कितीतरी जागांवर गावोगावी घरं उभी आहेत आणि त्यांचे सौदेही होतात. अशा सौद्यात विकणाऱ्याकडे फक्त ताबा असतो, मालकी नसते. तुम्हालाही ताब्यापलीकडे काही मिळत नाही. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर राज्य सरकारने १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याला लगाम घातला. सरकारी जमिनीवरची जुनी निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचे निर्णय नंतर आले, पण त्याचा फायदा स्वतः राहणाऱ्या पात्र कुटुंबाला आहे, तुमच्यासारख्या खरेदीदाराला नाही.

पूर्वेकडच्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ हा शब्द दिसला की सावध व्हा. जमीन महसूल खात्याच्या नोंदीत असली तरी ती वनजमीन आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी स्पष्ट केलं. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेली वाटपं आणि नंतरची वाटपं यांना वेगळा न्याय आहे. खासगी खरेदीदाराने यात पडू नये, असं माझं मत आहे, जागा कितीही स्वस्त मिळत असो.

घरकुलाचंही तसंच. प्रधानमंत्री आवासमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार मिळतात. ती रक्कम लाभार्थ्याने राहावं म्हणून असते. सरकारी पट्ट्यावरचं घरकुल विकत घेऊ नका. तुम्हीच लाभार्थी असाल आणि जागा नसेल, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत जागेसाठी अर्थसाहाय्य आहे. पंचायत समितीत विचारा.

वणी, राजुरा, भद्रावती या कोळशाच्या पट्ट्यात १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याची अधिसूचना त्या गटावर निघाली आहे का, तेही पाहा. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पाच्या पुनर्वसन गावातला भूखंड असेल तर वाटपाच्या आदेशातल्या शर्ती शब्दन् शब्द वाचा.

विकणारा एकटाच मालक आहे का?

माझ्या मते अख्ख्या व्यवहारात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. जमिनीचे दोष कागदावर तरी दिसतात. माणसांचे दावे मात्र रजिस्ट्री झाल्यावर उगवतात.

विकणाऱ्याला सरळ विचारा, घर तुम्ही स्वतः घेतलं की वडिलांकडून आलं? स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाच्या रजिस्ट्रीने घेतलं असेल तर तो ते कोणालाही विकू शकतो. त्याच्या हयातीत मुलामुलींच्या सह्या कायद्याने लागत नाहीत. गावात याचा उलटा समज पक्का आहे आणि त्यापायी चांगले व्यवहार अडतात.

वडिलांकडून आलं असेल तर वंशावळ काढायला बसा. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर हिंदू कुटुंबात त्यांची पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. म्हातारी आजी खाटेवर असते आणि तिचं नाव कोणाच्या ध्यानातही येत नाही. मुलींचा हक्क लग्नाने जात नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरवलं. “आमच्यात पोरींना देत नाही” याला कोर्टात काडीचीही किंमत नाही. अपवाद अनुसूचित जमातींचा. हिंदू वारसा कायदा त्यांना थेट लागू नाही, तिथे रूढीचा वेगळा विचार होतो. मुस्लिम कुटुंबांत त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो आणि हिश्श्यांचं गणितच वेगळं असतं.

बहिणी हक्क सोडायला तयार असतील तर ठीक आहे. पण हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. पाचशेच्या स्टॅम्पवरचं संमतीपत्र, पटवाऱ्यापुढचा जबाब, ग्रामपंचायतीतलं निवेदन यांपैकी कशानेही हक्क सुटत नाही. शिवाय हक्कसोड सहहिस्सेदाराच्या नावानेच होतं. बहीण परक्याच्या, म्हणजे तुमच्या, नावाने हक्क ‘सोडू’ शकत नाही. तिला विक्रीपत्रात विकणारी म्हणून सही करावी लागते आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यात गेलेले दिसले तर उत्तम. तेरवी आटोपत नाही तोच बहिणीला गाडीत घालून तालुक्याला सहीला नेणारे भाऊ सगळ्यांनीच पाहिले आहेत. अशा सहीवर उद्या फसवणुकीचा दावा येऊ शकतो आणि घर तुमच्या ताब्यात असल्याने प्रतिवादी तुम्हीही होता.

लहान मुलांचा मुद्दा तर विदर्भात विसरूच नये. कर्ता पुरुष गेला, मागे बायको आणि अज्ञान लेकरं राहिली, कर्ज फेडायला ती घर विकते, असं इथे घडतं. अज्ञान मुलाच्या वाट्याची स्थावर मालमत्ता आईलाही जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ तसं सांगतं. परवानगी नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत विक्री रद्द करून मागू शकतं. परवानगीचा अर्ज किचकट नाही आणि त्या बाईच्याही भल्याचा आहे, कारण मुलांच्या हिश्श्याचे पैसे कोर्ट त्यांच्या नावाने ठेवायला सांगतं.

फक्त एका भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतो आहे? अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तर त्याला त्या घरात एकत्र राहायला जाण्याचा हक्क नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ ते अडवतं. तुम्ही वाटणीचा दावा लावलात तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली बाकीचं कुटुंब तुमचा हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला विकत घेऊ शकतं. म्हणजे पैसे दिले, वर्षं गेली आणि घरात पाऊलही पडलं नाही. ओसरी एकाची, कोठा दुसऱ्याचा आणि सांदवाडी तिसऱ्याची अशी तोंडी वाटणी झालेली असेल, तर आधी त्यांना नोंदणीकृत वाटणीपत्र करू द्या, मग घ्या. तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली शेताची वाटणी करून देतो, आबादीतल्या घराची नाही. हेही अनेकांना माहीत नसतं.

बोजा आणि सावकार

दुय्यम निबंधकाकडे किमान तीस वर्षांचा शोध घ्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची-२, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते, पण जुन्या दस्तांसाठी कार्यालयात जाऊन शुल्क भरून शोध करावा लागतो. हे काम वकिलाकडे द्या आणि त्याच्याकडून लेखी शोध अहवाल घ्या. सातबारा असेल तर इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा, सेवा सहकारी सोसायटीचा बोजा आहे का ते पाहा. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा तसाच राहिलेला असतो. बँकेचं निल प्रमाणपत्र आणून तो आधी कमी करायला लावा. विकणाऱ्याच्या नावाने दावा चालू आहे का, हे ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं. त्या जोडीला जिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात जाहीर सूचना द्या आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवा. खर्च वाटतो खरा, पण पुढे ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतात.

सावकारीचं वळण मात्र सूची-२ मध्ये दिसत नाही. कर्जासाठी गहाण लिहिण्याऐवजी सावकार सरळ विक्रीपत्र करून घेतो आणि “पैसे फेडले की परत लिहून देईन” असं तोंडी सांगतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली कर्जदार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकतो. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल आणि तो कर्जापोटीच झाल्याचं चौकशीत ठरलं, तर ते हस्तांतरण अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश निघतो. तुम्ही कर्जदार असाल तर हा मार्ग लक्षात ठेवा. खरेदीदार असाल तर विकणाऱ्याने घर कोणाकडून आणि किती किमतीला घेतलं ते पाहा. बाजारभावाच्या चौथ्या हिश्श्यात घेतलेलं असेल आणि जुना मालक अजून त्याच घरात राहत असेल, तर गावात चौकशी करा. गावाला सगळं माहीत असतं.

इसारापासून रजिस्ट्रीपर्यंत

मोजणी आणि चतुःसीमा रजिस्ट्रीच्या आधी ठरवा. जमीन मोजलेली असेल तर भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. आबादीत मोजणी झालीच नसेल तर शेजाऱ्यांना बोलावून टेप लावा, चारही बाजूंची मापं लिहा आणि त्यांच्या सह्या घ्या. वाट कोणाच्या अंगणातून आहे, छपराचं पाणी कुठे पडतं, नाली कुठून जाते, सामाईक भिंत कोणाची, हे सगळं विक्रीपत्रात लिहून घ्या. ‘पूर्वेस अमक्याचं घर’ एवढ्यावर भागवलं की वीस वर्षांनी अमक्याची नातवंडं आणि तुमची नातवंडं भांडतात.

सौदाचिठ्ठीत किंमत, इसार, उरलेल्या रकमेची तारीख, बोजा कोण फेडणार आणि कोणकोणत्या सह्या आणायची जबाबदारी विकणाऱ्याची, हे स्पष्ट लिहा. इसार रोखीत देऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणाऱ्याला आयकर खातं तेवढाच दंड लावू शकतं. शिवाय रोख दिल्याचा पुरावा तुमच्याकडे उरत नाही. सौद्यातच ताबा घेतला तर मुद्रांक शुल्क विक्रीपत्रासारखंच लागतं, तेव्हा ‘आधी राहायला या, रजिस्ट्री मग करू’ हे टाळा. समोरच्याने रजिस्ट्री टाळली तर करार पूर्ण करून घेण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. नोटरीचा शिक्का, ताबापावती किंवा आममुखत्यारपत्र यांपैकी कशानेही मालकी येत नाही. मुखत्यारपत्रावर घर ‘विकण्याच्या’ प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ लाच पडदा टाकला आहे.

मुद्रांक शुल्क तुमच्या सौद्याची किंमत किंवा वार्षिक मूल्यदर तक्त्यातली किंमत, यांतली जी जास्त असेल तिच्यावर भरावं लागतं. घर एकट्या स्त्रीच्या नावाने घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुढे पुरुषाला पंधरा वर्षं विकता येणार नाही, ही अटही २०२३ मध्ये निघाली. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीला हजर करायचा. दस्तात किंमत कमी दाखवायचा सल्ला सगळेच देतात. तो ऐकलात तर उद्या व्यवहार फिसकटल्यावर तुम्हाला कागदावर लिहिलेली रक्कमच परत मागता येईल.

रजिस्ट्रीनंतर

मूळ दस्त हातात आला की निम्मे लोक तो पेटीत ठेवतात आणि विसरतात. सातबारा असेल तर निबंधकाकडून माहिती तहसीलला जाते, पटवारी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पटवाऱ्याला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं आहे. कागदावर तेच लिहा, तोंडी पटवारी म्हटलं तर तो रागावणार नाही. नोंद नाकारली तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येतं. मिळकत पत्रिकेसाठी भूमी अभिलेखकडे आणि नमुना ८ साठी ग्रामपंचायतीकडे सूची-२ ची प्रत जोडून वेगवेगळे अर्ज द्या. एकाकडे दिला म्हणून दुसरीकडे नोंद आपोआप होईलच, असं धरू नका. वीजमीटर सगळ्यात शेवटी.

घर आधीपासून तुमचंच असेल तर

गावात स्वामित्वची मोजणी येणार असेल तर त्या दिवशी घरी राहा. चुन्याने आखलेली रेषा हीच पुढे नकाशावरची हद्द होते. पत्रिका थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावाने निघणं ही नेहमीची चूक आहे. मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हाच हरकत घेतली तर काम चौकशी अधिकाऱ्याकडे मिटतं, नंतर अपिलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

वडील वारले असतील तर वारस नोंद लगेच करा. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं, लोक तीन पिढ्या थांबतात. बुलढाण्यातून सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम एप्रिल २०२५ पासून राज्यभर गेली ती याच कारणाने. ती सातबाऱ्यासाठी होती. आबादीतल्या घराच्या नोंदीसाठी तुम्हालाच ग्रामपंचायत आणि भूमी अभिलेख गाठावं लागेल.

हयातीतच घर मुलाला, मुलीला किंवा बायकोला द्यायचं असेल तर बक्षीसपत्र करता येतं. राहत्या घरासाठी मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. पण बक्षीस दिलं की घर त्या क्षणी गेलं. म्हातारपणी घरात राहण्याचा तुमचा हक्क आणि तुमचा सांभाळ, ही अट दस्तात लिहाच. तशी अट असेल आणि ती पाळली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मला स्वतःला मृत्युपत्र बरं वाटतं. ते साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांनी तुमच्या समोर सही करावी लागते, नोंदणी सक्तीची नाही आणि मनात आलं की बदलता येतं. स्वतःच्या मालकीच्या हिश्श्यापुरतंच मात्र ते करता येतं.

शेजाऱ्याने हद्द ओलांडून भिंत घातली तर पाया खणतानाच मनाईचा दावा करा. घर बांधून झाल्यावर कोर्टही पाडायला नाखूश असतं, आणि बारा वर्षं गप्प बसलात तर तो प्रतिकूल ताब्याने मालकी सांगू शकतो. वीस वर्षं उघडपणे, हक्काने आणि बिनतक्रार वापरलेली वाट किंवा नाली मात्र १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने टिकते, ती शेजाऱ्याच्या लहरीवर बंद होत नाही. ग्रामपंचायत फक्त सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३ खाली काढू शकते. दोन खासगी मालकांमधली हद्द ठरवण्याचा अधिकार सरपंचालाही नाही आणि ठाणेदारालाही नाही. ते काम दिवाणी न्यायालयाचं.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आत. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक. जाताना नमुना ८, असेल तो सातबारा किंवा मिळकत पत्रिका, हाताशी असतील ते सगळे दस्त, वंशावळ आणि घराचा हाताने काढलेला नकाशा बरोबर घ्या. मूळ दस्त हरवला असेल तर दुय्यम निबंधकाकडून त्याची प्रमाणित प्रत आधी काढून घ्या.